जुन्या स्कूटरचा पुनरुद्धार

देशातील कोणत्याही शहरात, किंबहुना तालुक्याच्या गावीसुद्धा, एखाद्या चाळीच्या जिन्याखाली, गोठ्याच्या शेजारी अथवा गॅरेजच्या परसात धूळ खात पडलेली एखादी स्कूटर हमखास दृष्टीस पडते. तिचे टायर बसलेले असतात, पुढच्या दिव्याची काच फुटलेली असते, एका बाजूचा पत्रा चेपलेला असतो. मालक ती भंगाराच्या भावाने देऊन टाकण्यास तयार असतो. ज्याच्या खिशात थोडकेच पैसे आहेत, परंतु हातांना कामाची हौस आहे, अशा तरुणास ती गाडी घ्यावी व पुन्हा चालती करावी असे वाटणे स्वाभाविक आहे. अशा वेळी बहुतेक जण किकवर पाय ठेवतात, इंजिन एकदा धडधडले की समाधान पावतात आणि व्यवहार पुरा करतात. ही परीक्षा चुकीच्या जागी घेतलेली असते, असे या पुस्तिकेत आपणांस दिसून येईल. इंजिनाची बहुतेक दुखणी थोड्या पैशांत बरी होतात. पत्र्याचे दुखणे मात्र गाडीच्या किमतीहून अधिक पैसे खाते आणि प्रसंगी चालवणाऱ्याच्या जिवावर बेतते.

गाडीची घडण

विवेचन मोघम होऊ नये म्हणून आपण एकच गाडी उदाहरणादाखल घेऊ. ती म्हणजे दोन आघातांचे इंजिन असलेली बजाज चेतक. इटलीतील पियाज्जो कंपनीने १९४६ मध्ये व्हेस्पा ही स्कूटर बाजारात आणली. १९६० च्या सुमारास बजाज कंपनीने तिच्या परवान्यावर भारतात स्कूटर बनवण्यास प्रारंभ केला. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ पासून त्याच घडणीची गाडी राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन पुण्याजवळील आकुर्डीच्या कारखान्यातून बाहेर पडू लागली. एके काळी पैसे भरून नाव नोंदवल्यानंतर गाडी हाती येण्यास कित्येक वर्षे लागत. या शतकाच्या पहिल्या दशकात तिचे उत्पादन थांबले. २०२० पासून त्याच नावाने विकली जाणारी स्कूटर विजेवर चालते. तिच्याशी या पुस्तिकेचा संबंध नाही.

मूळ व्हेस्पाची आखणी कोर्रादिनो दास्कानिओ या विमानविद्येतील अभियंत्याने केली होती, आणि ही गोष्ट केवळ इतिहासाची नाही. मोटारसायकलीस नळ्यांचा सांगाडा असतो. त्यावर टाकी, बैठक व मडगार्ड बसवलेले असतात. एखादे मडगार्ड सडले तरी सांगाडा शाबूत राहतो. दास्कानिओने विमानाच्या धडाप्रमाणे पत्र्यालाच सांगाडा केला. पायाखालचा फूटबोर्ड, त्याच्या मधोमध उंचावलेला पोकळ कणा, पुढची ढाल आणि मागचा फुगीर भाग हे सारे दाबून आकार दिलेले व एकमेकांस वेल्डिंगने जोडलेले पत्रे आहेत. गाडीचा व स्वारांचा भार तेच वाहतात. पत्रा सुमारे एक मिलिमीटर जाडीचा असतो. सपाट पत्र्याचा वाकण्यास होणारा विरोध हा त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. म्हणून गंजाने जाडी निम्मी झाली, तर विरोध निम्मा राहत नाही. तो एक-अष्टमांश राहतो. वरून रंग चकचकीत असलेला पत्रा आतून असा दुबळा झालेला असू शकतो.

प्रस्तुत लेखकास हा धडा स्वानुभवाने मिळाला. काही वर्षांपूर्वी भोपाळ येथे त्याने एक चेतक विकत घेतली. दुसऱ्याच किकला इंजिन सुरू झाले, एवढ्यावरच त्याने पैसे मोजले. गाडीच्या कागदांवर पुरीचा पत्ता होता. म्हणजे गाडीचे आयुष्य समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात गेले होते, परंतु त्याचा अर्थ त्या वेळी ध्यानी आला नाही. हाताशी असलेले पैसे नवा पिस्टन आणि आकाशी रंग यांवर खर्च झाले. दुसऱ्या पावसाळ्यात एका उतारावर मागचा ब्रेक जोराने दाबला असता पेडल पायाखालून खाली गेले. ब्रेकची वायर तुटली नव्हती. पेडल ज्या फूटबोर्डावर बसवलेले असते तो पत्राच फाटला होता. पुढच्या ब्रेकने गाडी कशीबशी थांबली. रबराची चटई उचलून पाहिली तेव्हा तिच्याखाली पत्र्याऐवजी तांबूस पापुद्रे होते आणि त्यांतून रस्ता दिसत होता. ती चटई विकत घेण्यापूर्वी उचलण्यास अर्धे मिनिट लागले असते.

गंज कसा चढतो

लोखंडाला गंज चढण्यासाठी पाणी आणि प्राणवायू या दोहोंची आवश्यकता असते. शाळेच्या प्रयोगशाळेत हे सहज दाखवता येते. तीन परीक्षानळ्या घ्याव्यात आणि प्रत्येकीत एक स्वच्छ खिळा टाकावा. पहिलीत थोडे साधे पाणी घालावे, म्हणजे खिळा अर्धा बुडेल. दुसरीत उकळून हवा काढून टाकलेले पाणी खिळा बुडेपर्यंत घालून वर तेलाचा थर द्यावा. तिसरी कोरडी ठेवून तिच्यात कॅल्शियम क्लोराइडचे खडे टाकावेत व बूच घट्ट लावावे. आठवड्याने पाहिल्यास पहिल्या नळीतील खिळाच तेवढा गंजलेला आढळेल. पाण्यात चिमूटभर मीठ टाकलेली चौथी नळी ठेवली, तर किनारपट्टीवरील गाड्या लवकर का सडतात हेही कळते. गंजणे ही विद्युत्-रासायनिक क्रिया आहे. मिठाने पाणी अधिक विद्युत्-वाहक बनते आणि क्रियेचा वेग वाढतो.

आता एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट. गाडीवर उघड्या जागी चढलेला गंज आपणांस दिसतो, पण खोल खड्डे पडतात ते चिखलाच्या थराखाली, चटईखाली, किंवा दोन पत्रे एकमेकांवर आलेल्या सांध्यात. तेथे तर प्राणवायू कमी पोहोचतो. मग गंज अधिक का? कारण ओल्या पत्र्याचा एक भाग हवेशी संलग्न आणि शेजारचा भाग हवेपासून झाकलेला असला, की त्या दोहोंमध्ये एक सूक्ष्म विद्युत्-घट तयार होतो. हवेशीर भागावर प्राणवायू इलेक्ट्रॉन ग्रहण करतो, आणि ते इलेक्ट्रॉन पुरवण्यासाठी झाकलेल्या भागातील लोखंड विरघळत जाते. म्हणून स्कूटरवरील चिखल हा केवळ अस्वच्छपणा नसून तिचा शत्रू आहे. शिवाय तयार झालेला गंज मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा व्यापतो आणि सच्छिद्र असतो. तो रंगाला आतून उचलतो, पाणी धरून ठेवतो आणि खालच्या लोखंडाचे रक्षण करीत नाही. अॅल्युमिनियमवर चढणारा ऑक्साइडचा थर याच्या अगदी उलट, घट्ट व रक्षक असतो.

लोखंडालाही असा रक्षक थर लाभू शकतो. दिल्लीजवळ मेहरौली येथे कुतुबमिनाराच्या आवारातील लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षे उघड्यावर उभा आहे. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिले की, त्या लोखंडात स्फुरदाचे प्रमाण बरेच आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर लोहाच्या फॉस्फेटचा पातळ पण चिवट थर तयार झाला आहे. रंगाच्या दुकानात गंज मारण्याचे म्हणून जे द्रावण मिळते, त्यातही बहुधा फॉस्फोरिक आम्लच असते. ते उरलेल्या गंजाचे फॉस्फेटात रूपांतर करते आणि त्यावर रंग चांगला धरतो. अर्थात जेथे लोखंड शिल्लक आहे तेथेच ही क्रिया होणार. भोकाला फॉस्फेट लावता येत नाही.

विकत घेण्यापूर्वीची तपासणी

सोबत एक विजेरी, एक लहान लोहचुंबक आणि लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर असावा. प्रथम चटई उचलावी. फूटबोर्डावर अॅल्युमिनियमच्या पट्ट्या असल्यास त्यांच्या कडेने रंग फुगला आहे काय ते पाहावे. मग मालकाच्या अनुमतीने गाडी जुन्या पोत्यावर हलकेच आडवी करावी. तत्पूर्वी पेट्रोलचा कॉक बंद करावा आणि टाकीत पेट्रोल फार असल्यास काढून घ्यावे. खालून मुठीने पत्रा ठोकत जावे. सुदृढ पत्रा खणखणीत वाजतो. सडलेला पत्रा बद्द वाजतो आणि खपल्या गळतात. मधला पोकळ कणा, गाडी उभी करावयाचे स्टँड जेथे बसते ती जागा, ब्रेकच्या पेडलाभोवतालचा भाग आणि स्टेपनीच्या मागील कोपरा यांकडे विशेष लक्ष द्यावे. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल कण्याच्या पोकळीत शिरतो व वर्षानुवर्षे तेथेच राहतो.

चुंबकाचा उपयोग निराळा आहे. खड्डे आणि भोके लांबीने भरून त्यावर रंग दिला की डोळ्यांना काही समजत नाही. परंतु लांबीचा थर जाड असेल तेथे चुंबक चिकटत नाही, किंवा क्षीणपणे चिकटतो. पातळ थर हा दोष नव्हे. चांगला कारागीरही तो देतोच. तळहाताएवढ्या जागेत चुंबक घसरून पडू लागला, तर मात्र खाली पत्रा नाही असे समजावे.

गाडीस अपघात झाला होता काय, हे मालक बहुधा सांगत नाही. ढालीच्या मागे, हँडलची नळी जेथे पत्र्यास जोडलेली असते, त्या ठिकाणी सुरकुत्या दिसल्या तर समोरून जबर धडक बसली असावी. हँडल सरळ धरून एकाने पुढून पाहावे. दोन्ही चाके जवळजवळ एका रेषेत दिसली पाहिजेत. बाजूचे झाकण चेपले असेल तर घाबरू नये, कारण ते सुटे असते व बदलता येते. नळीजवळच्या सुरकुत्या हे गाडी सोडून देण्यास पुरेसे कारण आहे.

कागदपत्रांचा विचार येथेच करणे इष्ट, कारण पुढे केलेला सर्व खर्च त्यांवर अवलंबून असतो. चेसिसवर व इंजिनावर ठोकलेले क्रमांक नोंदणीपत्रातील क्रमांकांशी अक्षरशः जुळले पाहिजेत. क्रमांकाच्या जागी पत्रा घासलेला किंवा वेल्डिंग केलेला दिसला, तर गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खाजगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांपुरती असते व नंतर तपासणी करून ५-५ वर्षांसाठी तिचे नूतनीकरण करावे लागते. गाडी परराज्यातील असल्यास तेथील कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. दिल्लीच्या परिसरात जुन्या गाड्यांवर न्यायालयीन आदेशाने निर्बंध आले आणि त्यांचे स्वरूप वेळोवेळी बदलले. म्हणून आपल्या शहरात त्या वयाची गाडी रस्त्यावर आणता येते काय, हे पैसे देण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे.

पत्र्याचे काम

गाडी घरी आली की प्रथम ती धुवावी आणि मग सुटी करावी. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी मोबाइलच्या कॅमेऱ्याने त्याचे छायाचित्र घ्यावे; नट-बोल्ट निरनिराळ्या पिशव्यांत घालून त्यांवर चिठ्ठ्या लावाव्यात. क्लच, गिअर, ब्रेक व अॅक्सिलरेटर यांच्या वायरी पत्र्याच्या पोटातून गेलेल्या असतात. जुनी वायर ओढून काढताना तिच्या शेवटाला मजबूत दोरा बांधावा, म्हणजे दोरा तिच्या वाटेत राहतो आणि पुढे त्यानेच नवी वायर ओढून घेता येते. ही युक्ती न जाणणाऱ्याचा एक संपूर्ण रविवार सहज खर्ची पडतो.

सुदैवाने या गाडीचे इंजिन उतरवणे सोपे आहे. इंजिन आणि मागचे चाक मिळून एकच घटक होतो. पुढील बाजूचा एक लांब बोल्ट आणि मागील शॉक-अॅब्सॉर्बरचा खालचा बोल्ट हे दोनच त्याला मुख्यत्वे धरून ठेवतात. वायरी, विजेच्या तारा आणि पेट्रोलची नळी सोडवली की सांगाडा उचलून इंजिन मोकळे होते.

यानंतर वेल्डिंगवाल्याकडे जावयाचे. आणि येथे एका धोक्याविषयी विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. पेट्रोलची टाकी काढून वेगळी ठेवल्याखेरीज गाडीवर ठिणगी पडू देऊ नये. टाकी रिकामी आहे, मग भीती कसली, असे पुष्कळांस वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. पेट्रोलची वाफ हवेत साधारणपणे शेकडा १.४ ते ७.६ या प्रमाणात असली तरच स्फोट होतो. भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की जळण्यास हवा पुरत नाही. रिकाम्या टाकीत मात्र नेमके घातक मिश्रण जमू शकते. त्यासाठी किती पेट्रोल पुरे? टाकी ६ लिटरची धरू आणि वाफेचे प्रमाण शेकडा २ धरू. म्हणजे १२० मिलिलिटर वाफ झाली. नेहमीच्या तापमानास कोणत्याही वायूच्या एका ग्रॅम-रेणूचे आकारमान सुमारे २४ लिटर असते. तेव्हा ही वाफ ग्रॅम-रेणूचा दोनशेवा भाग झाली. पेट्रोलचा ग्रॅम-रेणू सुमारे ९० ग्रॅमचा धरल्यास तिचे वजन अर्ध्या ग्रॅमहून कमी भरते. इतके पेट्रोल म्हणजे दहा-बारा थेंब. टाकीच्या एका सांध्यात एवढे थेंब महिनोन् महिने राहू शकतात. टाकीलाच भोक पडले असेल, तर ती घरी झाळण्याचा विचार कदापि करू नये; दुसरी टाकी मिळवावी.

सडलेला पत्रा स्वच्छ, खणखणीत धातू लागेपर्यंत कापून टाकावा आणि तेवढाच नवा तुकडा बसवावा. गंजलेल्या पत्र्यावर दुसरा पत्रा थापून वेल्ड करणे ही स्वस्त गॅरेजांतील चाल आहे. त्यामुळे दोन पत्र्यांमध्ये ओल धरणारी फट तयार होते, आणि अशा फटीत काय घडते ते आपण वर पाहिलेच आहे. चेतकच्या फूटबोर्डाचे तयार पत्रे आजही बाजारात मिळतात. कापण्यापूर्वी सांगाड्याला आधार द्यावा, नाहीतर मधला भाग काढताच पुढचा व मागचा भाग एकमेकांशी असलेला कोन सोडतात. वेल्डिंग सलग न करता आलटून पालटून लहान टाके घालीत करावे. पातळ पत्रा एका जागी फार तापला की वळतो आणि मग तो सरळ होत नाही. कण्याच्या आतील भाग घासता येत नाही, तेथे काम झाल्यावर पातळ केलेले मेण किंवा तेल फवारावे व पाणी निथळण्याची भोके मोकळी ठेवावीत. उरलेला गंज तारेच्या ब्रशाने घासून त्यास फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण लावावे. हातमोजे व चष्मा वापरावा. सूचनेप्रमाणे धुऊन-पुसून पत्रा पूर्ण कोरडा झाला, की त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा हात द्यावा. रात्रभर उघडा राहिलेला पत्रा पावसाळ्यात सकाळी पुन्हा तांबूस झालेला आढळतो.

इंजिन

इंजिन बंद पडण्याची कारणे तीनच गटांत मोडतात : दाब नाही, ठिणगी नाही, किंवा योग्य मिश्रण नाही. प्लग काढून त्या भोकावर अंगठा धरावा व किक मारावी. अंगठा जोराने ढकलला गेला तर दाब बरा आहे. प्लग टोपीत बसवून त्याचे धातूचे अंग इंजिनास टेकवावे व पुन्हा किक मारावी. ठिणगी निळसर व ठळक दिसली पाहिजे. हे करताना प्लग त्याच्या भोकापासून दूर धरावा आणि आसपास पेट्रोल सांडलेले नसावे. जुन्या गाड्यांत ठिणगी पाडण्यासाठी फ्लायव्हीलच्या मागे प्लॅटिनम असतात. त्यांची टोके पॉलिश पेपरने साफ करून त्यांतील फट सुमारे ०.४ मिलिमीटर ठेवली की पुष्कळदा मेलेली गाडी जिवंत होते. नंतरच्या गाड्यांत त्यांच्या जागी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. ती दुरुस्त होत नाही, बदलावी लागते.

सिलिंडरचा व्यास ५७ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ५७ मिलिमीटर असते. विद्यार्थ्यांनी वर्तुळाचे क्षेत्रफळ काढून त्याला धावेने गुणावे; उत्तर सुमारे १४५ घनसेंटिमीटर येईल, आणि हीच इंजिनाची क्षमता होय. दाब कमी असल्यास बहुधा रिंगा झिजलेल्या असतात. सिलिंडर लंबवर्तुळाकार झाला असेल तर तो लेथवाल्याकडून किंचित मोठा बोअर करून घेतात व त्या मापाचा पिस्टन बसवतात. गाडी अनेक वर्षे उभी राहून पिस्टन जाम झाला असेल, तर प्लगच्या भोकातून डिझेल किंवा पातळ तेल सोडून चार दिवस वाट पाहावी. हातोडा हे त्यावरचे औषध नव्हे.

दोन आघातांच्या इंजिनात एक दोष असा असतो की तो नवशिक्यास सापडत नाही. अशा इंजिनात पेट्रोल-हवेचे मिश्रण प्रथम क्रँकच्या बंद कोठडीत येते, खाली येणाऱ्या पिस्टनने तेथे दाबले जाते व मग वर सिलिंडरमध्ये शिरते. म्हणजे क्रँककोठडीही हवाबंद असली पाहिजे. क्रँकच्या दोन्ही टोकांस रबराचे ऑइल-सील असते. फ्लायव्हीलकडील सील कडक होऊन गळू लागले, तर बाहेरची हवा आत खेचली जाते, मिश्रण पातळ होते, इंजिन बेसुमार तापते आणि नवा पिस्टनही जाम होतो. क्लचकडील सील गळले, तर गिअरचे तेल आत खेचले जाऊन सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचे लोट निघतात. अनेक जण अशा वेळी पिस्टन बदलतात आणि महिन्याभराने पुन्हा बदलतात. सील पिस्टनच्या मानाने किरकोळ किमतीचे असते. इंजिन एकदा उघडले की दोन्ही सीले, क्रँकची बेअरिंगे आणि सर्व गॅस्केटे न कुरकुरता बदलावीत, कारण तेथवर पोहोचण्याची मजुरीच मोठी असते.

पेट्रोलविषयी दोन शब्द. या इंजिनास वंगण पेट्रोलातूनच मिळते. त्यात शेकडा २ या प्रमाणात टू-टी तेल मिसळतात, म्हणजे लिटरमागे २० मिलिलिटर. दुसरी गोष्ट या गाड्या बनल्या तेव्हा नव्हती. २०२५ मध्ये देशातील पेट्रोलात इथेनॉलचे प्रमाण शेकडा २० पर्यंत पोहोचले. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते आणि जुन्या प्रकारचे रबर त्याने फुगते किंवा चिरते. म्हणून पेट्रोलची नळी, कॉकची वॉशरे आणि कार्ब्युरेटरची गॅस्केटे इथेनॉलला टिकणाऱ्या द्रव्याची घ्यावीत, आणि गाडी दीर्घकाळ उभी ठेवावयाची असल्यास टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करावेत. इथेनॉलमध्ये स्वतःचाच प्राणवायू असल्याने मिश्रणही थोडे पातळ पडते. गाडी तापू लागल्यास मेस्त्रीकडून किंचित मोठा जेट बसवून घ्यावा.

ब्रेक आणि चाके

वेग ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदास ११ मीटर. चांगल्या ब्रेकने गाडीचा वेग दर सेकंदास ४ मीटरने घटतो असे धरले, तर ती सुमारे १५ मीटरांत थांबते. ब्रेक निम्मे दुबळे असतील तर ३० मीटर लागतात. या १५ मीटरांत एखादे मूल असू शकते. म्हणून ब्रेकच्या बाबतीत जुना भाग चालवून घेऊ नये. मागच्या ड्रममध्ये गिअरचे तेल उतरून लायनर माखणे हा या गाडीचा नेहमीचा विकार आहे. तेल प्यालेले लायनर घासून सुधारत नाही. ते टाकून द्यावे आणि तेल जेथून आले ते सीलही बदलावे. जुन्या लायनरांत अॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो, सबब ड्रममधील धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.

चाकाची रिम दोन अर्धुके नट-बोल्टांनी जोडून केलेली असते. ट्यूबमध्ये हवा असताना ते नट सोडले तर अर्धुके बंदुकीच्या गोळीसारखी सुटतात. वॉल्व्ह काढून सर्व हवा जाऊ द्यावी, मगच पाना लावावा. टायरला नक्षी शिल्लक असली तरी बाजूंना बारीक चिरा असल्यास तो निकामी समजावा.

पैसे कोठे घालावेत

आकडे देण्यात अर्थ नाही, कारण ते गावोगाव निराळे असतात. क्रम मात्र सर्वत्र एकच राहतो. पहिले पैसे पत्र्याच्या सांगाड्याला, मग ब्रेक, टायर आणि वायरी, मग इंजिन, त्यानंतर दिवे व हॉर्न, आणि सर्वांत शेवटी रंग. गाडी खरेदी करण्यापूर्वी अंदाजपत्रक करावे आणि त्यात न दिसलेल्या दोषांसाठी निदान एक-तृतीयांश रक्कम राखून ठेवावी. ती शिल्लक राहील अशी आशा धरू नये. सुटे करणे, धुणे, घासणे, वायरी ओढणे, लायनर बदलणे ही कामे घरी होतात. बोअर करणे, क्रँक बसवणे आणि वेल्डिंग ही कामे ज्याची त्यालाच द्यावीत. दिल्लीचे मायापुरी, कोलकात्याचा मल्लिक बाजार, चेन्नईचे पुदुपेट्टै यांसारख्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारांत झाकणे, हँडले आणि दिव्यांच्या चौकटी मिळतात. तेथे पावती मागावी, चोरीचा माल पावतीसह येत नाही. ब्रेकचे भाग, टायर आणि सीले मात्र जुनी घेऊ नयेत.

रंगाविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. रंगाऱ्याकडे दोन रंगांतील फरक विचारण्यापेक्षा तो अस्तराचे हात किती देतो हे विचारावे. आणि फूटबोर्डाची खालची बाजू दिसत नाही म्हणून तो ती सोडून देणार नाही, याकडे स्वतः उभे राहून लक्ष द्यावे. रबराची चटई पुन्हा बसवण्याचा मोह होतो. प्रस्तुत लेखकाने आपल्या गाडीस ती बसवलेली नाही.

गाडी जुळली की पहिल्या दिवशी रस्त्यावर नेऊ नये. मोकळ्या मैदानात पायी ढकलत दोन्ही ब्रेक तपासावेत, मग पहिल्या गिअरमध्ये, मग दुसऱ्या. दहा किलोमीटर झाल्यावर चाकांचे, इंजिनाच्या लांब बोल्टाचे आणि शॉक-अॅब्सॉर्बरचे नट पुन्हा आवळावेत; नव्या रंगाचा थर दबल्याने ते थोडे सैल झालेले आढळतात. नवा पिस्टन घातला असल्यास पहिले ५०० किलोमीटर चढावर व पूर्ण वेगाने गाडी ताणू नये, आणि दर शंभर किलोमीटरांनी प्लग काढून पाहावा. त्याच्या टोकाचा रंग विटकरी असावा. पांढुरका दिसला तर मिश्रण पातळ आहे, तेव्हा प्रथम फ्लायव्हीलकडील सील तपासावे.